सीटखालची स्प्रिंग

बसून करायचं काम सोपं, असं ज्याला वाटतं त्याला एकदा आमच्या ग्राउंडवरच्या गवत कापायच्या गाडीवर बसवायला पाहिजे. मीही त्यातलीच होते. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात अर्धं आयुष्य शिलाई मशीनवर बसून काढलेलं, तेव्हा बसण्याबद्दल मला कोणी शिकवू नये असा माझा ताठा. आमचे हे संध्याकाळी कंबर धरून घरी यायचे, पालथे पडायचे आणि म्हणायचे, "जरा शेक दे गं." मी तव्यावर कापडाची घडी गरम करून द्यायची, पण तोंड कुठलं गप्प बसतंय. "दिवसभर गाडीवर बसून फिरायचं आणि वर कंबर दुखायची! नवाब आहात अगदी." ते उशीत तोंड खुपसून हसायचे.

बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला एका शाळेचं हे ग्राउंड आहे. हे तिथे माळी होते आणि फाटकाजवळची एक खोली आम्हाला राहायला होती. पूर्वी तिथे गाववाल्यांची भातशेती होती. शाळेने जमीन घेतली, बांध फोडले, माती पसरली, वर गवत आलं. लांबून बघाल तर कसं सपाट! पण बांध काही गेलेले नाहीत. दर पावसाळ्यात वरची माती खाली बसते आणि ते हळूच पाठ वर काढतात. चालताना पायाला कळत पण नाहीत. गाडीवर बसलात की एकेक बांध कंबरेत मोजून घ्या.

गाडी म्हणजे छोटा ट्रॅक्टरच. पोटाखाली पाती फिरतात, वर एक सीट, पुढे वळवायचं चक्र. कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या बागेतली, कोणीतरी शाळेला दान दिलेली. तिच्या सीटखाली एक स्विच आहे. माणूस बसला की स्विच दाबला जातो आणि इंजिन चालतं. माणूस उठला की इंजिन लगेच बंद. चालवणारा पडला तर फिरत्या पात्यांनी कोणाचा जीव जाऊ नये म्हणून ही सोय.

एकदा ह्यांनी मला हौसेने वर बसवलं होतं. पहिल्याच बांधावर मी उडाले आणि गाडी गपकन बंद. मी घाबरून ओरडले, "मोडली काय हो?" ह्यांना हसू आवरेना. म्हणाले, "मोडली नाही. तुझं वजनच नाही गं. तिला वाटलं तू उतरलीस. दोन घास जास्त खात जा." मग कितीतरी दिवस जेवताना तेच चालायचं. मी भाकरी नको म्हटली की म्हणायचे, "वाढ तिला, नाहीतर गाडीला कळायची नाही."

गेल्या पावसाळ्यात हे गेले. छातीत कळ आली, रिक्षात घातलं, दवाखान्याच्या दारात सगळं संपलं. जलदान विधी झाला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. विठ्ठलवाडीचे दीर-जाऊ, कारखान्यातल्या बायका, विहारातली माणसं, नाशिकची लेक-जावई. दुसऱ्या दिवशी निम्मी गेली, मग लेकही गेली. तिला नोकरी, सासूचं दुखणं, तिचं तरी काय चुकलं? जाताना म्हणाली, "आई, तू चल ना माझ्याकडे." मी म्हटलं, येईन. दोन खोल्यांत त्यांची पाच माणसं. लेकीच्या घरी चार दिवस गोड, पाचव्या दिवशी आपलीच आपल्याला अडचण होते. आणि खरं सांगू, मला ही खोली सोडायची नव्हती. त्यांची चप्पल अजून दाराबाहेर होती.

मग शाळेचे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नाही. बाहेरच उभे राहिले, आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "मावशी, गवत गुडघ्यापर्यंत आलंय. नवीन माणूस बघावा लागेल. आणि त्याला खोली लागेल, नाही का?"

मी काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "गाडी मी चालवते."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं. म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळाशाळांचे सामने आहेत. शाळा उघडेल त्या दिवशी मी येतो. माझ्यासमोर अख्खं ग्राउंड नीट कापून दाखवा. जमलं तर काम तुमचं, खोली तुमची. नाहीतर मग मला बोलू नका."

म्हणजे सगळं काय ते दिवाळीच्या सुट्टीत व्हायला हवं होतं. सुट्टी लागली आणि शाळा एकदम ओस पडली. घंटा नाही, पोरांचा कलकलाट नाही. वॉचमन मुरबाडकडे त्याच्या गावाला गेला. शनिवार-रविवार कळेनासा झाला. सकाळी उठून मी चहा टाकायची, भांड्यात पाणी दोन कपांचं. मग स्वतःवरच चिडून एक कप ओतून द्यायची. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा, "जेवलीस का?" मी म्हणायची, "जेवले." फोन ठेवला की पुन्हा रातकिड्यांचा आवाज. दिवसभरात मी बोललेला तो एकच शब्द असायचा.

गाडी चालू करणं मला येत होतं, गिअरची दांडी टाकणं येत होतं. पण ग्राउंडवर नेली की बसता लाथ, उठता बुक्की! पहिला बांध आला, मी उडाले, गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बांध, पुन्हा बंद. एका ओळीत इतक्या वेळा बंद पडली की मी खाली उतरून तिला लाथ घातली. लागलं मलाच. रात्री कंबरेत असा काही ठणका उठला की कूस बदलवेना. पालथी पडून राहिले. शेक द्यायला कोण होतं? मीच उठून तवा तापवला, पण स्वतःच्या कंबरेवर स्वतःला शेक देता येत नाही, हात पोचत नाही. तेव्हा मला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, ही सीट मऊ करायची. कंबरही वाचेल आणि उडणंही थांबेल. इथे माझी शिलाईवालीची अक्कल आडवी आली. आमच्या धंद्यात कुठे खुपलं की आत एक थर घाला, कुठे विरलं की वरून एक थर घाला, सगळ्या दुखण्याला थर हेच औषध. मी रिक्षाने स्टेशन, तिथून उल्हासनगर, मग शेअर रिक्षाने तीन नंबर गाठलं. जुन्या शेठच्या कारखान्यात गेले. शेठ सिंधी, वय झालेलं, मला बघून उठून उभे राहिले. "अरे बहन, बहुत बुरा हुआ," म्हणाले, चहा मागवला. माझ्या मशीनवर आता एक नवी पोरगी बसली होती, कानात वायर घालून. तिने मान वर केली नाही. शेठनी जीन्सच्या कातरणाची पिशवी भरून दिली. फोम मी बाजारातून घेतला, चांगला जाड.

दोन दिवस बसून उशी शिवली. खोटं कशाला बोलू, शिवण झाली होती झकास. डबल टीप, कोपरे गोल, खालून बांधायला पट्टे. हे असते तर म्हणाले असते, आता गाडीवर बसू का हिच्यावर झोपू? उशी बांधून मी वर चढले तर पाय ब्रेकला पुरेनात. टोकावर सरकून बसले. पहिला बांध आला आणि फोमने मला असं वर फेकलं की चक्र हातातून सुटलं. गाडी बंद. बरं, मला तरी कळावं ना? छे! मला वाटलं, फोम हलका आहे, वर कातरणाची गोधडी घालावी म्हणजे दबेल. घातली. नाकापेक्षा मोती जड झाला. आता तर सपाट जागेवरही गाडी मध्येच बंद व्हायला लागली, कारण एवढ्या थरांतून माझं वजन खालच्या स्विचपर्यंत पोचतच नव्हतं.

आणखी एक शहाणपण केलं. चाकं मला जरा बसकी वाटत होती, तर पंक्चरवाल्याकडून पंप आणून हवा ठासून भरली. टायर टणक म्हणजे चांगला, हेच आपल्याला माहीत. त्यानंतर गाडी दगडावरून घरंगळणाऱ्या डब्यासारखी वाजायला लागली.

सुट्टी संपत आली होती. मी मोबाइलमध्ये सीटचा, वायरींचा फोटो काढला आणि उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात गेले. तिथे एका गल्लीत जुन्या मोटारींचं काम करणारा दुकानदार आहे, एक-दोनदा हे त्याच्याकडे गेले होते. त्याने फोटो बघितला न बघितला आणि म्हणाला, "माताजी, इसमें क्या है. स्विच निकाल दो, ये दो वायर आपस में जोड दो. फिर आप बैठो, खडे रहो, नाचो, गाडी बंद नहीं होगी." एक छोटा वायरचा तुकडा कापून त्याने माझ्या हातात ठेवला. मी विचारलं, "आणि पडले तर?" तो म्हणाला, "गिरोगे क्यों? पकड के बैठो ना."

घरी येईपर्यंत तो तुकडा मी मुठीतच धरला होता. ह्यांनी कधी असं केलं नसतं. एकदा दुसऱ्या शाळेच्या माळ्याने तसं केलं म्हणून हे त्याच्याशी कडाकडा भांडले होते. पण भांडणारा माणूस आता नव्हता आणि खोली जायची वेळ आली होती. सकाळी मी त्या दोन वायरी त्या तुकड्याने जोडल्या.

आणि काय सांगू, गाडी चालली! बांधावर मी उडाले, ती थांबली नाही. पुन्हा उडाले, थांबली नाही. मी एक ओळ पूर्ण केली, वळवली, दुसरी ओळ. कापलेल्या गवताचा वास सुटला. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. मी मोठ्याने म्हटलं, "बघा! जमलं की नाही?" कोणाला म्हटलं, देव जाणे.

नाल्याच्या बाजूला एक मोठा बांध आहे. तिथे गवत उंच होतं, तो दिसलाच नाही. पुढचं चाक चढलं, मी उशीवरून वर उडाले, आणि खाली आले तेव्हा खाली सीट नव्हती. मी मागे, गवतात, कुशीवर पडले. दम कोंडला. डोळे उघडले तर गाडी पुढे चाललेली.

ती माझ्याशिवाय चालली होती. वर कोणी नाही, चक्र आपलं आपण थोडं थोडं डुलतंय, पाती फिरताहेत, मागे गवत सरळ कापलं जातंय. वर माणूस नसल्याचा तिला काही फरकच नव्हता. मी ओरडले. कोणासाठी ओरडले? वॉचमन गावाला, शाळा बंद, रस्ता लांब. पात्यात हात गेला असता तरी संध्याकाळी लेकीचा फोन येईपर्यंत कोणाला कळलं नसतं. आणि मी उचलला नाही तर तिला वाटलं असतं, आई झोपली असेल.

गाडी कुंपणाच्या जाळीला जाऊन अडली आणि तिथेच गुरगुरत चाकं फिरवत राहिली. मी लंगडत गेले, मागून वळसा घालून किल्ली बंद केली. मग जाळीला धरून खाली बसले आणि भोकाड पसरलं. इतके महिने मी बायकांसमोर रडले होते, लेकीच्या गळ्यात पडून रडले होते, पण असं नाही. "मला एकटीला कशाला ठेवून गेलात हो," असं ओरडून ओरडून रडले. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून लाज पण वाटली नाही.

बऱ्याच वेळाने उठले. वायरचा तुकडा उपटला आणि नाल्यात फेकला. स्विच होता तसा जोडला. खोली गेली तर जाऊ दे, पण मी पडले हे ओळखणारं या ग्राउंडवर तेवढं एकच आहे, त्याचे कान नाही कापायचे.

मग मी गोधडी सोडली, उशी सोडली, सीट पुढे पाडून खाली वाकून बघितलं. इतके दिवस मी वरून थर चढवत बसले होते, खाली त्या वायरींपलीकडे काय आहे हे बघायचं सुचलंच नव्हतं. खाली एक जाड स्प्रिंग होती, आणि मागच्या बाजूला ती घट्ट-सैल करायचा काळा, गोल नॉब. ग्रीस आणि मातीने माखलेला. पुसला तर शेजारी माणसाचं चित्र आणि रेघ दिसली, बारीक माणूस एका टोकाला, जाडा दुसऱ्या टोकाला. नॉब जाड्याच्या बाजूला बराच फिरवलेला. आमचे हे दांडगे होते. त्यांनी ती स्प्रिंग त्यांच्या वजनाला घट्ट केलेली, आणि मी, वाळलेलं चिपाड, त्याच स्प्रिंगवर इतके दिवस आदळत होते. ती माझ्याने दबतच नव्हती. मग उडवणार नाही तर काय करील?

पक्कड आणली, तेल आणलं. पण हात पुढे जाईना. त्यांची चप्पल दाराशी होती, शर्ट खुंटीला होता, पण त्या वस्तू नुसत्या त्यांच्या होत्या. त्यांचं वजन जसंच्या तसं धरून ठेवलेलं फक्त या स्प्रिंगने. सैल केली की तेही गेलं. पुन्हा नेमकी तेवढीच घट्ट करणं मला कधी जमायचं नाही. मी पक्कड मांडीवर ठेवून बसून राहिले. मग वाटलं, हे इथे असते तर काय म्हणाले असते? म्हणाले असते, "अगं बये, फिरव ना! की मला पण वर बसवून फिरणार आहेस?"

फिरवला. आधी हललाच नाही, मग कुरकुरला, मग फिरला. बारक्या माणसाच्या चित्रापर्यंत नेला. सीटवर हाताने दाबलं तर ती अलगद खाली गेली आणि अलगद वर आली.

चाकांतली हवाही कमी केली. दाबलं की जरा दबेल इतकी. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. हे कधी सरळ गाडी चालवायचे नाहीत, बांधावरून नेहमी तिरपे जायचे. मी दारातून बघून म्हणायची, "सरळ चालवता येत नाही का, दारू प्यायल्यासारखे काय जाताय?" आता मी तशी तिरपी गेले. आधी एक चाक चढलं, मग दुसरं, गाडी कुशीवर वळल्यासारखी हळूच पलीकडे उतरली. गचका नाही. इंजिन चालू. मी नाल्याजवळच्या मोठ्या बांधावरून मुद्दाम दोनदा गेले.

शाळा उघडली त्या दिवशी सेक्रेटरी खरंच आले. पोरं वऱ्हांड्यातून माना काढून बघत होती, एकजण ओरडला, "ए, आजी गाडी चालवते!" वॉचमन परत आला होता, तो उगाच हातवारे करून मला वाट दाखवत होता, जसं काही ग्राउंड त्याच्या बापाचं. मी कोणाकडे बघितलं नाही. दुपारपर्यंत अख्खं ग्राउंड कापून झालं. गाडी एकदाही बंद पडली नाही.

सेक्रेटरी जवळ आले. म्हणाले, "जमलं की हो मावशी. जरा तिरपं तिरपं दिसतंय, पण चालेल."

"बांध आहेत खाली," मी म्हटलं. "सरळ जायचं असेल तर तुम्ही बसा."

ते हसले. म्हणाले, "खोली आहे तुमची. काळजी करू नका." आणि गेले. वॉचमन म्हणाला, "वहिनी, पेढे पाहिजेत." मी हो म्हटलं. मग शाळा सुटली, पोरं गेली, वॉचमन चहाला गेला, आणि ग्राउंडवर मी राहिले.

फाटकाकडची एक पट्टी उरल्यासारखी वाटली म्हणून मी पुन्हा गाडी काढली. अर्ध्यात आले आणि खोलीकडे लक्ष गेलं. दाराबाहेर ती चप्पल दिसत होती. मला एकदम वाटलं, जाऊन सांगावं, खोली राहिली आपली. खरंच, तसंच वाटलं. गाडी थांबवायचंही भान राहिलं नाही, मी उतरायला उठले.

उठले मात्र, गाडी लगेच बंद पडली.

सगळीकडे एकदम शांत झालं. मी एक पाय पायरीवर ठेवून तशीच उभी राहिले. या ग्राउंडवर मी बसले, उठले, याची दखल घेणारी ती एकटी. हळूच परत खाली बसले, सीट माझ्यापुरती दबली. चक्रावर हात ठेवला आणि म्हटलं, "आहे गं. इथेच आहे मी."